ताण कामाचा की बेभरवशाचा?

स्टॉकहोमच्या उपनगरी गाडीतून रोज कामावर जाणाऱ्या प्रवाशांची १९७०च्या दशकात एक गमतीची तपासणी झाली. जेरोम सिंगर, उल्फ लुंडबर्ग आणि मरियान फ्रांकेनहॉयझर या संशोधकांनी त्यांच्या लघवीतलं ॲड्रिनलिन मोजलं. ज्याचा प्रवास लांबचा त्याच्या शरीरावर ताण जास्त, असं कुणालाही वाटेल. आकडे उलटे निघाले. पहिल्याच स्टेशनावर चढून जास्त वेळ प्रवास करणाऱ्यांपेक्षा मधल्या स्टेशनावर चढणाऱ्यांचं ॲड्रिनलिन जास्त होतं. संशोधकांनी दिलेलं कारण साधं आहे. पहिल्या स्टेशनावर चढणाऱ्याला जागा निवडता येते, सामान नीट ठेवता येतं, ओळखीच्या माणसाशेजारी बसता येतं. मधे चढणाऱ्याला जे उरलं असेल ते घ्यावं लागतं. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही. डोंबिवलीचा चाकरमानी सकाळी उलट दिशेने कल्याणपर्यंत जातो आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून सीएसएमटी गाठतो. घड्याळाच्या हिशेबात हा वेळेचा अपव्यय आहे, पण शरीराच्या हिशेबात तो बहुधा फायद्याचा सौदा आहे.

ताणाविषयीची आपली चर्चा बहुतेक वेळा ओझ्याच्या वजनापाशी अडकते: काम किती, तास किती, जबाबदाऱ्या किती. मग उपायही तसेच सुचतात. थोडी सुट्टी घ्या, दीर्घ श्वास घ्या, फार मनाला लावून घेऊ नका. गेल्या पन्नास-साठ वर्षांत साठलेला पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. ओझ्याचा त्रास होतोच. पण पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज नसणं, आणि अंदाज असला तरी त्यावर आपला काही ताबा नसणं, यानं शरीर जास्त झिजतं. हे मान्य केलं तर ताणाचा उपाय कुणी करायचा हा प्रश्नही नव्याने मांडावा लागतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. धोका जाणवला की काही सेकंदांत ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आणि जखम झालीच तर रक्त लवकर गोठावं अशीही तयारी होते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठीच्या या सज्जतेचं वर्णन १९१५मध्येच केलं होतं. त्यामागोमाग दुसरी, संथ साखळी सुरू होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, तिच्याकडून मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल पाझरू लागतं. ते रक्तातली साखर वाढवतं, प्रतिकारयंत्रणेला आवर घालतं, पचन आणि प्रजननासारखी आज न केली तरी चालणारी कामं मागे ढकलतं. धोका टळला की कॉर्टिसॉलच मेंदूला पुरे म्हणून कळवतं आणि सगळं पूर्वपदावर येतं. या रचनेत खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण येते ती पुरे हा निरोप महिनोन्‌महिने पोहोचलाच नाही तर. मग रक्तदाब चढाच राहतो, पोटाभोवती चरबी साठते, इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात, झोप तुटक होते, आणि तुटक झोपेमुळे दुसऱ्या दिवशीची यंत्रणा आधीच ताणलेल्या अवस्थेत सुरू होते. ब्रूस मॅकइव्हन या मेंदूशास्त्रज्ञांनी या साठत जाणाऱ्या झिजेचा हिशेब मांडायची पद्धत १९९०च्या दशकात रूढ केली.

ही झीज कल्पनेतली नाही, ती मोजता येते. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा १९९५चा प्रयोग त्यासाठी पाहण्यासारखा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, पण असं ओझं नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली गेली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. सर्दीचंही तसंच. शेल्डन कोहेन यांनी १९९१मध्ये सुमारे चारशे निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त त्यांना संसर्ग आणि सर्दी होण्याचं प्रमाण पायरीपायरीने जास्त भरलं. एकदम कोसळणारा धक्काही काहींना झेपत नाही. लॉस एंजेलिसजवळ १७ जानेवारी १९९४च्या पहाटे भूकंप झाला, त्या दिवशी हृदयविकाराने अचानक झालेले मृत्यू २४ होते. आदल्या आठवड्यात रोजची सरासरी पाचाच्याही आत होती. पण असे धक्के आयुष्यात मोजके येतात. रोजच्या जगण्यात शरीर पोखरणारा ताण शांतपणे, कुणाच्या लक्षात न येता काम करत असतो.

कुठला ताण पोखरतो आणि कुठला नाही, हा प्रश्न ताणविज्ञानाचे जनक मानले जाणारे हान्स सेल्ये यांनी सुरुवातीला विचारलाच नव्हता. मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करताना त्यांना दिसलं की थंडी, विष, इजा, अतिश्रम, काहीही केलं तरी उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजतात, थायमस आक्रसतं आणि जठरात व्रण पडतात. १९३६च्या त्यांच्या छोट्या टिपणाने हा सगळा अभ्यास सुरू झाला. त्यांच्या लेखी ताण म्हणजे ताण, कारण कोणतंही असो. ही समजूत खिळखिळी केली ती जे वाइस यांच्या प्रयोगांनी, १९७०च्या आसपास. दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला एकाच तारेतून नेमका तेवढाच विजेचा झटका. एकाला एक चाक दिलेलं, ते फिरवलं की झटका दोघांचाही थांबायचा. दुसऱ्याच्या हातात काही नव्हतं. वेदना तंतोतंत सारखी असूनही चाकाशिवायच्या उंदराच्या जठरात कितीतरी जास्त व्रण पडले. झटक्याआधी नुसती घंटा वाजवून सूचना दिली, तरी व्रण कमी व्हायचे. म्हणजे ताबा नसला तरी निदान अंदाज असणं हेसुद्धा शरीराच्या उपयोगी पडतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जठरातल्या व्रणाचा दाखला देता, पण तो तर जिवाणूमुळे होतो हे सिद्ध झालंय ना? झालंय. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवला आणि त्याबद्दल त्यांना २००५चं नोबेल मिळालं. ज्या रुग्णांना दशकानुदशकं चिंता सोडा म्हणून सांगितलं गेलं, ते दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरे होऊ लागले. ताणाच्या नावावर काहीही खपवणाऱ्यांनी हा धडा कायम लक्षात ठेवावा. तरी गोष्ट तिथेच संपत नाही. जगात कोट्यवधी लोकांच्या जठरात हा जिवाणू असतो आणि व्रण त्यांतल्या थोड्यांनाच होतो. डेन्मार्कमधल्या एका दीर्घकालीन अभ्यासात २०१५मध्ये दिसलं की जिवाणू असो वा नसो, जास्त ताण असलेल्यांना व्रणाचा धोका जास्तच होता. जिवाणू हे कारण आहेच. ताण त्याला जमीन भुसभुशीत करून देतो.

उंदरांवरून माणसांकडे येताना ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांचा अभ्यास टाळून चालत नाही. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची १९६७पासून तपासणी झाली. यांच्यात गरीब म्हणावं असं कुणी नव्हतं. नोकरी पक्की, सरकारी आरोग्यसेवा फुकट, दुखलं-खुपलं तर डॉक्टर हाताशी. तरी सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे शिपाई-दरवानांचा, हृदयविकाराने मृत्यू होण्याचा दर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ३.६ पट निघाला. साहेबाला ताण आणि त्यामुळे साहेबाला हार्ट ॲटॅक, ही जगभरची समजूत त्या आकड्याने खोटी पाडली. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात घेऊनही फरकाचा मोठा भाग तसाच उरला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५पासून दहा हजारांवर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास हाती घेतला. त्यात आपलं काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकार जास्त, असं चित्र १९९७मध्ये पुढे आलं. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या टेबलावर फायलींचा ढीग मोठा असतो हे खरंच, पण आधी कोणती फाईल काढायची हे तो ठरवतो. शिपायाने कधी उठायचं हे ठरवणारी घंटाही त्याच्याकडे नसते. ती दुसऱ्याच्या टेबलावर असते.

यावर कुणी म्हणेल की अशा अभ्यासांत कारण आणि योगायोग वेगळे काढणं कठीण असतं. खालच्या श्रेणीतल्यांचं बालपण, त्यांचा आहार, त्यांची घरं, हे सगळं मोजलं कुठे जातं? हा आक्षेप पूर्ण खोडता येत नाही. २०१२मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांमधली जवळपास दोन लाख माणसं एकत्र धरून हिशेब केला, तेव्हा जास्त काम आणि कमी ताबा अशा नोकरीत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त भरला. धूम्रपानाच्या धोक्यापुढे हा आकडा लहान आहे, आणि तसा तो सांगितलाच पाहिजे. तो न सांगता ताणाला सगळ्या रोगांचं मूळ ठरवण्यात कुणाचा फायदा असतो हेही पाहून ठेवावं. सेल्ये यांच्या संशोधनाला अमेरिकन तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता, हे त्या उद्योगाच्या पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून उघड झालं. हृदयविकार सिगारेटमुळे होत नसून ताणामुळे होतो, हे कुणी तज्ज्ञ म्हणाला तर तंबाखू कंपन्यांना हवंच होतं. तेव्हा प्रमाण सुटू नये. एखाद्याचा धोका २३ टक्क्यांनी वाढणं लहान वाटतं. पण सिगारेट सोडणं निदान त्या माणसाच्या हातात असतं, नोकरीचं स्वरूप बहुधा नसतं. आणि असा धोका अंगावर घेऊन काम करणारी माणसं कोट्यवधी असतील, तर तो समाजाच्या पातळीवर लहान राहत नाही.

युरोपातल्या कचेऱ्यांचं हे शास्त्र आपल्याकडे शेताच्या बांधावर नेऊन तपासायला हवं, कारण बेभरवशाचं सगळ्यांत उघडं रूप शेतीत दिसतं. पाऊस हातात नाही, भाव हातात नाही, सावकाराचा तगादाही नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्तीची चाचणी तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर घेतली. माणसं तीच, पण आधीच्या चाचणीत ती लक्षणीयरीत्या मागे पडली. महाराष्ट्रात ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे आणि थकलेल्या एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरासाठी, दरवर्षी आंदोलनंही होतात. ते १४ दिवस पाळणं हा केवळ अर्थकारणाचा मुद्दा नाही. शेतकऱ्याच्या घरात ती तारीख पक्की असणं हे रक्तदाबाच्या गोळीइतकंच आरोग्याचं काम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या शेतकरी-शेतमजुरांच्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या.

आत्महत्येचं कारण कधीच एकेरी नसतं आणि तिला नुसता ताण म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. पण भरवसा वाढला की ती कमी होते का, हे तपासता येतं. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने नियमित रोख मदत सुरू केली, तेव्हा मदत पोहोचलेल्या भागांत आत्महत्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी उतरलं. पावसाने दगा दिलेल्या वर्षी या मदतीचा उपयोग विशेष दिसला. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं ओळखली, बोलतं केलं, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि जीव देण्याचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं धरलेली नव्हती, त्यामुळे या आकड्यांतून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. एवढं मात्र म्हणावंसं वाटतं की गावातलं कुणीतरी ठरलेल्या दिवशी नक्की येणार, हेही एक प्रकारचं औषध आहे.

मग योग, प्राणायाम, ध्यान यांचं काय? वाचकाच्या मनात हा प्रश्न आधीपासून असणार. उत्तर असं की ते चालतं, आणि का चालतं हेही बरंच कळलेलं आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४पासून आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेले. नाडी, रक्तदाब, क्ष-किरणांची छायाचित्रं घेऊन योगाची तपासणी करणारी ती जगातली अगदी सुरुवातीची जागा. पुढे २००१मध्ये इटलीत लुचानो बेर्नार्दी यांनी कॅथलिक जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत आपोआप उतरला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. धर्म कुठलाही असो, फुप्फुस-हृदयाला हा वेग मानवतो असं दिसतं. सावकाश, लांब उच्छ्‌वासाने व्हेगस या मज्जातंतूचा जोर वाढतो आणि ठोके मंदावतात. चालणं, पोहणं, व्यायाम यांनी झोप सुधारते. नियमित वारीने चालणारा किंवा रोज भजनाला बसणारा माणूस या सगळ्यांतलं बरंच काही एकदम मिळवतो, आणि वर सोबतही मिळवतो. लोकलच्या डब्यातल्या भजनी मंडळांना कुणी डॉक्टरने पाठवलेलं नाही.

पण या उपायांची मर्यादाही मोजलेली आहे. ध्यानावरच्या ४७ चाचण्या आणि साडेतीन हजार माणसं यांचा २०१४मध्ये आढावा घेतला, तेव्हा चिंता आणि नैराश्यावर मध्यम खात्रीचा, मध्यमाहून लहान परिणाम दिसला. वाईट नाही, पण चमत्कारही नाही. माझ्या मते याचं कारण आपल्या मूळ मुद्द्यातच आहे. प्राणायाम माणसाला एका गोष्टीचा ताबा देतो, स्वतःच्या श्वासाचा. बाकी सगळं ज्याच्या हाताबाहेर आहे, त्याला तेवढ्यानेही बरं वाटतं. म्हणून तर तो सोडू नये. मात्र तोच उपाय कंपनीने कर्मचाऱ्याच्या हातात देऊन ताणाचं काम झालं असं जाहीर केलं की चित्र बदलतं. ब्रिटनमधल्या २३३ आस्थापनांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या पाहणीत ध्यान-ॲप, ताणनियोजनाच्या कार्यशाळा घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. एकाच वेळी केलेली पाहणी होती, त्यामुळे ज्यांना जास्त त्रास तेच कार्यशाळेला जातात असं म्हणता येईल. पण इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या आरोग्य-कार्यक्रमाच्या प्रयोगातही आरोग्यावर ठळक परिणाम आढळला नाही. याउलट अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या दुकानसाखळीने काही दुकानांत पाळ्या अधिक स्थिर आणि आधी कळणाऱ्या करण्याचा प्रयोग केला. कर्मचाऱ्यांची झोप सुधारली आणि विक्री सुमारे सात टक्क्यांनी वाढली. घंटा आधी वाजवण्याचाच हा प्रकार.

आता महाराष्ट्राकडे पाहू. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी असंही म्हटलं आहे. समर्थक सांगतात की तास आठवड्याला तेवढेच आहेत आणि वरचे पैसेही मिळतील. तासांबद्दल बोलायचं तर आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१चा निष्कर्ष आहे. पण या लेखाच्या दृष्टीने खरा प्रश्न संमतीचा आहे. चार बारा तासांचे दिवस आणि तीन सुट्ट्या हे वेळापत्रक कामगाराने निवडलं, तर ते त्याच्या प्रकृतीला मानवूही शकेल. आदल्या संध्याकाळी सुपरवायझरने सांगितलं की उद्या बारा तास, तर त्याच तासांचा परिणाम दुसरा होईल. कंत्राटी कामगाराकडून घेतलेली लेखी सही म्हणजे निवड नव्हे. सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत आणलं होतं, ते कायद्यात उतरलं नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७पासून आहे. नियम करताना पाळी किती दिवस आधी सांगायची, ती बदलली तर भरपाई किती आणि संमती नाकारणाऱ्याला संरक्षण काय, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय १२ तासांची सवलत देऊ नये.

शेवटचा आक्षेप वाचकाचाच असेल: हे सगळं सरकारने आणि मालकाने करायचं, मी काय करू? आपल्या हाताखाली माणसं असतील, मग ती कचेरीत असोत की घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी असोत, तर त्यांना वेळ आणि पगाराची तारीख आधी सांगा आणि ती मोडू नका. घरात आजाऱ्याची सेवा एकटीच करणाऱ्या बाईला आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ मोकळी द्या, जमेल तेव्हा नव्हे, ठरलेली. स्वतःच्या बाबतीत, छातीत दुखणं, धाप, अचानक वजन घटणं, सततचा थकवा यांना नुसता ताण म्हणून घरी बसू नका. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह यांची तपासणी आधी करून घ्या. बायकांच्या तक्रारी टेन्शन म्हणून परत पाठवण्याची आपल्याकडे सवयच आहे. आणि झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. क्रमांक १४४१६.